दुसरे गावठाण : मानवजातीच्या रक्षणासाठी अंतराळात वस्ती करावी काय?

कोल्हापूर शहरानजीक प्रयाग चिखली हे गाव आहे. भोगावती, तुळशी, कुंभी व कासारी या चार नद्यांचे पाणी या परिसरात एकत्र येते. गुप्त सरस्वती ही पाचवी, अशी लोकांची श्रद्धा आहे. येथून पुढे वाहणारा प्रवाह पंचगंगा या नावाने ओळखला जातो. ज्या पाण्याने हा प्रदेश सुजलाम् केला, तेच पाणी अतिवृष्टीच्या वर्षी गावात शिरते. १९८९ च्या महापुरानंतर चिखली आणि शेजारचे आंबेवाडी या गावांतील लोकांसाठी सोनतळी येथे, पुराच्या पाण्यापासून दूर, पुनर्वसनाची जागा देण्यात आली. नदीकाठचे मूळ गाव आणि उंचावरचे दुसरे गावठाण अशी दोन ठिकाणे तेव्हापासून या गावकऱ्यांच्या आयुष्यात आहेत. पुढे २०१९ आणि २०२१ या वर्षी पंचगंगेने पात्र सोडले, तेव्हा ही गावे पुन्हा पाण्याने वेढली गेली. सोनतळीने अनेकांना आणि त्यांच्या जनावरांना आसरा दिला. परंतु शेती, नदी आणि जुने घर यांच्याशी बांधलेला संसार नदीकाठीच राहिला होता.

संकट येणार हे ठाऊक असेल, तर दुसरी जागा आधीच तयार ठेवावी काय? ठेवली तर ती कशी असावी? आणि दुसरी जागा आहे म्हणून पहिलीची काळजी कमी करावी काय? चिखलीच्या संदर्भात पडणारे हेच प्रश्न आज जगातील शास्त्रज्ञ व विचारवंत संपूर्ण मानवजातीच्या संदर्भात विचारीत आहेत. पृथ्वी हे आपले एकमेव गाव आहे. एखाद्या महासंकटात ते नष्ट झाले, तर मानवजात शिल्लक राहावी म्हणून चंद्रावर, मंगळावर किंवा अंतराळात दुसरे गावठाण वसवावे, असे एक मत आहे. या मताची सांगोपांग तपासणी करणे उद्बोधक ठरेल.

धोका खरा आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूरकरांच्या पायाखालीच आहे. पन्हाळा आणि जोतिबाचे डोंगर, शहरातील जुन्या वाड्यांचे चिरे, घाटांच्या पायऱ्या यांतील काळा पाषाण हा दख्खनच्या ज्वालामुखीचा लाव्हा होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून हा लाव्हा थरावर थर चढवीत बाहेर पडला. आज शिल्लक असलेले त्याचे क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरते. भूशास्त्राच्या दृष्टीने त्याच काळात, मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पाजवळ सुमारे १० किलोमीटर व्यासाचा एक लघुग्रह पृथ्वीवर आदळला. त्या आघाताने पडलेले सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे चिक्शुलूब विवर आज जमिनीखाली गाडलेले आहे. वातावरणात उसळलेली धूळ व काजळी यांनी सूर्यप्रकाश रोखला, वनस्पतींची वाढ खुंटली, आणि सजीवांच्या सुमारे तीनचतुर्थांश जाती नामशेष झाल्या. अवाढव्य डायनोसॉर त्यांतच गेले. या संहारात लघुग्रहाचा वाटा किती आणि दख्खनच्या लाव्ह्याचा किती, याविषयी शास्त्रज्ञांत चर्चा चालू असली तरी, बहुतेकांच्या मते प्रमुख घाव लघुग्रहाचाच होता.

अशा आघाताची एक लहान खूण महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे ज्वालामुखीचे मुख नसून उल्काघाताने पडलेले विवर आहे, हे विसाव्या शतकातील संशोधनाने सिद्ध झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. आर्गॉन वायूवर आधारित कालमापनानुसार ते पाच ते सहा लाख वर्षांपूर्वीचे असावे.

हे सारे प्राचीन काळी घडले असे म्हणून निश्चिंत होता येत नाही. ३० जून १९०८ रोजी सायबेरियातील तुंगुस्का नदीच्या परिसरात आकाशात झालेल्या स्फोटाने दोन हजार चौरस किलोमीटरहून अधिक अरण्य आडवे झाले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे २० मीटर आकाराचा पाषाण वातावरणात फुटला. तो जमिनीपासून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर फुटूनही हजारावर लोक, मुख्यतः खिडक्यांच्या काचा लागून, जखमी झाले. तो येत असल्याची पूर्वसूचना कोणालाही मिळालेली नव्हती.

यांखेरीज अण्वस्त्रांचे युद्ध, साथीचे रोग आणि हवामानातील बदल ही मानवनिर्मित वा मानवाने वाढविलेली संकटे आहेत. अतिदूरच्या भविष्याचा विचार केला तर सूर्यही हळूहळू अधिक तेजस्वी होत आहे. सुमारे १०० कोटी वर्षांनी पृथ्वीवरील महासागर टिकणे कठीण होईल, असे गणित सांगते. धोका आहे हे मान्यच करावे लागते. प्रश्न उपायाचा आहे.

वस्तीच्या कल्पनेचा उगम

पृथ्वीबाहेर वस्ती करण्याच्या कल्पनेला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांमध्ये रशियातील शाळाशिक्षक कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की यांचे स्थान पहिले आहे. अग्निबाणाच्या साहाय्याने अंतराळप्रवास कसा शक्य होईल याचे गणित त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले आणि मानवाने पुढे सूर्यमालेत पसरावे, असा विचार मांडला. १९७४ मध्ये अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी ग्रहांऐवजी अंतराळातच स्वतःभोवती फिरणाऱ्या प्रचंड नळकांड्यांमध्ये शहरे वसविण्याची योजना पुढे आणली. फिरण्यामुळे आतील माणसांना कृत्रिम वजन प्राप्त होईल, हे त्या योजनेचे मर्म होते. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनीही आपल्या अखेरच्या वर्षांत, मानवजातीने एकाच ग्रहावर विसंबून राहू नये, असा इशारा वारंवार दिला.

शहाणा शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही, असे या विचाराचे सार सांगता येईल. या तत्त्वाचा प्रत्यक्ष उपयोग पृथ्वीवर झालेला आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर २००८ मध्ये बर्फाळ डोंगराच्या पोटात जगभरच्या बियाण्यांचे राखीव भांडार सुरू झाले. सीरियातील युद्धामुळे अलेप्पोजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राचा बियाणेसंग्रह वापरता येईना, तेव्हा २०१५ मध्ये याच भांडारातून बियाणे परत घेण्यात आले. ते अन्य देशांत पेरून वाढविण्यात आले आणि नव्याने तयार झालेले बियाणे २०१७ मध्ये पुन्हा भांडारात जमा झाले. दुसऱ्या जागेचा विमा असा उपयोगी पडतो. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते बियाणे पेरण्यासाठी जमीन, पाणी, हवा आणि शेतकरी पृथ्वीवर शिल्लक होते, म्हणूनच तो विमा वसूल झाला.

कोल्हापूरच्या सुपुत्राने दाखविलेली दिशा

या चर्चेत कोल्हापूरचे एक नाव आवर्जून घ्यावयास हवे. ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. बनारस हिंदू विश्वविद्यालय व केंब्रिज येथे शिक्षण, सर फ्रेड हॉयल यांच्यासमवेत गुरुत्वाकर्षणावरील संशोधन, १९७२ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अध्यापन आणि १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' या संस्थेची उभारणी, असा त्यांचा प्रवास होता. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. विज्ञानकथेच्या माध्यमातून त्यांनी मराठी वाचकाला विश्वाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहावयास शिकविले.

त्यांच्या 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर आदळण्याची शक्यता असलेल्या धूमकेतूचा शोध लागतो. त्या कथेतील शास्त्रज्ञ पृथ्वी सोडून पळण्याची योजना आखीत नाहीत. ते गणित मांडतात, देशोदेशीच्या तज्ज्ञांना एकत्र आणतात आणि यान पाठवून धूमकेतूचा मार्ग बदलण्याचा प्रयत्न करतात. एकीकडे अंधश्रद्धेने शांतिविधी चालू असताना दुसरीकडे विज्ञान आपले काम करीत राहते. संकट ओळखून ते परतविणे हा त्या कथेतील मार्ग आहे, आणि मानवजातीच्या रक्षणाच्या प्रश्नात तोच पहिला मार्ग का ठरतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

गाव म्हणजे केवळ घरे नव्हेत

धरणांच्या निमित्ताने महाराष्ट्राला पुनर्वसनाचा दीर्घ अनुभव आहे. कोयना, वारणा, दूधगंगा अशा प्रकल्पांसाठी सह्याद्रीच्या कुशीतील कित्येक गावांनी आपली जागा सोडली. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी राज्याने १९७६ मध्ये कायदा केला. पुढे १९८६ व १९९९ चे कायदे आले. नव्या गावठाणात पिण्याचे पाणी, रस्ते, शाळा, वीज, गटारे, स्मशानभूमी अशा ज्या नागरी सुविधा द्यावयाच्या, त्यांची यादी अठरांवर गेली. नकाशावर भूखंड आखले म्हणजे गाव वसत नाही, हे त्या यादीतून दिसते. पाणी कोठून येणार, गुरे कोठे चरणार, मेलेल्याला कोठे नेणार, या सर्वांची उत्तरे मिळाल्यावरच माणूस तेथे रुजतो.

अंतराळातील वस्तीला हीच कसोटी लावली तर यादीचा आरंभ हवेपासूनच करावा लागतो. पृथ्वीवरील कोणत्याही पुनर्वसन आराखड्यात 'हवा' ही बाब लिहावी लागली नाही. मंगळावर ती प्रथम लिहावी लागेल.

हवा : मंगळाच्या वातावरणाचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असून त्यात सुमारे ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड वायू आहे. 'पर्सिव्हिअरन्स' या बग्गीवरील 'मॉक्सी' नामक उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात त्या वायूपासून प्राणवायू तयार करून दाखविला. १६ वेळा चालवून मिळालेला एकूण प्राणवायू १२२ ग्रॅम होता. एका माणसाला दिवसाकाठी सुमारे ८४० ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळातील हे उत्पादन एका माणसाला साडेतीन तास पुरले असते. प्रयोग म्हणून ही मोठीच सिद्धी होय. परंतु वस्तीपासून ती किती दूर आहे, हेही त्यावरून कळते.

पाणी : येथे प्रगती उत्साहवर्धक आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम, उच्छ्वास व मूत्र यांतील पाणी शुद्ध करून पुन्हा वापरले जाते. हे प्रमाण २०२३ मध्ये ९८ टक्क्यांपर्यंत पोहोचले. भारताच्या चांद्रयान-१ मोहिमेतील उपकरणांमुळे चंद्रावर पाण्याच्या रेणूंचे अस्तित्व २००९ मध्ये जगापुढे आले. चंद्राच्या ध्रुवाजवळील कायम सावलीतील विवरांत बर्फ असल्याची चिन्हेही आहेत.

माती आणि अन्न : मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाची क्षारसंयुगे आढळली असून ती माणसाच्या शरीराला अपायकारक आहेत. तेथे पीक घेण्यापूर्वी माती धुवावी लागेल किंवा मातीविना शेती करावी लागेल.

शरीर : वजनरहित अवस्थेत व्यायाम न केल्यास शरीराचा भार पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. रशियाचे वालेरी पोल्याकोव्ह हे १९९४-९५ मध्ये 'मिर' स्थानकात सलग ४३७ दिवस राहिले व सुखरूप परतले. मात्र चंद्रावरील एकषष्ठांश किंवा मंगळावरील ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात माणसाचे मूल गर्भात नीट वाढेल काय, जन्मल्यावर त्याची हाडे कशी होतील, याचा अनुभव कोणालाही नाही. ज्या गावात मूल जन्माला येऊन वाढू शकत नाही ते गाव नव्हे, ती छावणी होय.

बंद काचघराचा धडा

या सर्व बाबी एकत्र आणून पाहण्याचा सर्वांत मोठा प्रयोग पृथ्वीवरच झाला. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात 'बायोस्फिअर-२' या नावाने सुमारे तीन एकरांचे हवाबंद काचघर उभारण्यात आले. त्यात छोटे अरण्य, गवताळ रान, प्रवाळांसह समुद्र आणि शेती होती. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ स्त्रीपुरुष आत गेले. दोन वर्षे आतल्याच हवापाण्यावर व अन्नावर जगावयाचे, असा संकल्प होता.

पुढे आतील प्राणवायू सतत घटू लागला. हवेतील त्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवरून १६ महिन्यांत साडेचौदा टक्क्यांच्या आसपास आले. रहिवाशांना थकवा येऊ लागला, झोप लागेना. शेतीसाठी घातलेल्या सकस मातीतील सूक्ष्म जीव प्राणवायू वापरून कार्बन डायऑक्साइड सोडीत होते आणि तो वायू इमारतीचे सिमेंट-काँक्रीट शोषून घेत होते. त्यामुळे वनस्पतींना तो परत प्राणवायूत बदलता येईना. परागीभवन करणारे कीटक मेले, मुंग्या मात्र बेसुमार वाढल्या. अखेर जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. आठही जण २६ सप्टेंबर १९९३ रोजी सुखरूप बाहेर आले.

हा प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. माती आणि भिंत यांच्यातील एक साधा रासायनिक व्यवहार लक्षात न आल्याने काय होऊ शकते, हे त्याने दाखविले. तेथे भिंतीपलीकडे पृथ्वी होती, म्हणून प्राणवायूची टाकी आणता आली. मंगळावर भिंतीपलीकडे असे काहीही नाही. पृथ्वी व मंगळ यांच्या स्थितीमुळे तेथे जाण्याची अनुकूल संधी सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते आणि प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात. साधा निरोप पोहोचण्यासही, अंतराप्रमाणे, सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात.

परावलंबी वस्ती हा विमा नव्हे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुसरे गावठाण संकटकाळी उपयोगी पडावे, अशी अपेक्षा असेल तर ते पहिल्या गावावर अवलंबून असता कामा नये. सोनतळीला आसरा घेणाऱ्या माणसाला पूर ओसरेपर्यंत जिल्ह्यातून धान्य, दूध, औषधे व चारा पोहोचतो. पूर चिखलीला येतो, संपूर्ण जगाला नव्हे. पृथ्वीवरच महासंकट आले, तर मंगळवस्तीला सुटे भाग, औषधे आणि तज्ज्ञ पाठविणारे कोणीच उरणार नाही. जी वस्ती पृथ्वीच्या पुरवठ्यावर जगते ती पृथ्वीबरोबरच संपते. म्हणून संगणकाचा सूक्ष्म भाग, काच, औषध, यंत्राचे तेल आणि ते बनविणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या हे सर्व तेथेच तयार होऊ लागेपर्यंत त्या वस्तीला मानवजातीचा विमा म्हणता येणार नाही. त्याला काही दशके नव्हे, काही शतकेही लागू शकतील.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आघातानंतरही पृथ्वीवर हवा होती, पाणी होते, माती होती. लहान सस्तन प्राणी, कासवे, मगरी आणि आजच्या पक्ष्यांचे पूर्वज त्या काळातून तगले. मानवाची वंशरेषाही त्या लहान प्राण्यांमधूनच पुढे आली. पृथ्वीच्या इतिहासातील त्या अत्यंत भीषण वर्षीही ती मंगळाच्या आजच्या स्थितीपेक्षा अधिक राहण्याजोगी होती. जे तंत्र मंगळावर हवाबंद घरे बांधू शकेल, तेच तंत्र बिघडलेल्या पृथ्वीवर कितीतरी कमी श्रमात अधिक माणसे जगवू शकेल. या कारणाने नजीकच्या काळातील बहुतेक संकटांपुरता तरी पृथ्वीचा बचाव हाच अधिक खात्रीचा उपाय ठरतो.

पूर येण्यापूर्वीचा इशारा

पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची पातळी मोजली जाते. ३९ फुटांवर इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी मानलेली आहे. २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पाऊस थांबविणे माणसाच्या हाती नसते. परंतु आकडा वेळेवर कळला तर माणसे, जनावरे व चीजवस्तू हलविता येते. पावसाळ्यात कोल्हापुरातील घराघरांत हा फुटांचा हिशेब चालू असतो, तो याच कारणाने.

लघुग्रहांच्या बाबतीत मानवाने असाच हिशेब ठेवण्यास आरंभ केला आहे. पृथ्वीच्या कक्षेजवळ येणाऱ्या, एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक आता नोंदले गेले आहेत. त्यांपैकी कोणीही पुढील शंभर वर्षांत आदळेल असे दिसत नाही. मात्र १४० मीटरहून मोठ्या, म्हणजे एखादा प्रदेश उद्ध्वस्त करू शकणाऱ्या लघुग्रहांपैकी निम्म्याहून अधिक अद्याप सापडावयाचे आहेत. १३ एप्रिल २०२९ रोजी 'अपोफिस' हा सुमारे ३४० मीटर आकाराचा लघुग्रह भूपृष्ठापासून अवघ्या ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. तो आदळणार नाही याची गणिताने खात्री झालेली आहे. ही खात्री हेच निरीक्षणाचे फळ होय.

इशाऱ्यापुढचे पाऊलही पडले आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेचे 'डार्ट' हे यान सुमारे १६० मीटर आकाराच्या 'डायमॉर्फस' या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. हा लघुग्रह एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत प्रदक्षिणा घालीत असे. टकरीनंतर हा काळ सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. मानवाने एका नैसर्गिक खगोलाची गती बदलण्याची ही पहिलीच वेळ. नारळीकरांच्या कथेतील मार्ग प्रत्यक्षात चालता येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

मग अंतराळात जाऊ नये काय?

असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. लघुग्रहाचा शोध, त्याच्यापर्यंत पोहोचणारे यान, पुराची आणि वादळाची सूचना देणारे उपग्रह हे सर्व अंतराळविद्येचेच दान आहे. जो देश अंतराळात जात नाही त्याला पृथ्वीचे रक्षणही नीट करता येणार नाही. २ नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात माणसांचा अखंड वावर आहे. चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या परिसरात अलगद उतरले. राकेश शर्मा यांच्या १९८४ मधील उड्डाणानंतर ४१ वर्षांनी, जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला हे अंतराळ स्थानकावर पोहोचले. त्यांच्यासोबतच्या प्रयोगांत मूग व मेथीचे बी अंकुरविण्याचाही प्रयोग होता. तो कोल्हापूरच्या शेजारच्या धारवाडमधील संशोधकांनी आखलेला होता. भावी वस्तीचा पाया अशा मुठीएवढ्या बियाण्यातूनच घातला जाईल.

कोल्हापूरचाही या ज्ञानसाधनेत वाटा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील रडारद्वारे भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ८० ते १०० किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांचा अभ्यास केला. वातावरण जेथे संपत येते आणि अंतराळ सुरू होते, त्या सीमेचे हे निरीक्षण होय. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या बलूनांतून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा केले. दुसऱ्या उड्डाणात मिळालेल्या सूक्ष्म जीवांत तीन जाती नव्या असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले आणि त्यांना हॉयल, इस्रो व आर्यभट यांची नावे देण्यात आली. हे जीव पृथ्वीवरूनच वर गेले की बाहेरून आले, हे त्यावरून ठरत नाही. तीव्र अतिनील किरणांच्या त्या विरळ हवेतही जीव तग धरतो, एवढे मात्र दिसले. ज्या ग्रहावर आपण वस्ती करू इच्छितो तेथे आधीच सूक्ष्म जीव असतील काय, आणि आपल्यासोबत गेलेले जंतू त्यांचा नाश करतील काय, हा प्रश्नही त्यामुळे गंभीरपणे विचारावा लागतो.

कोण जाणार, कोण ठरविणार?

पुनर्वसनाच्या अनुभवातील शेवटचा धडा न्यायाचा आहे. गाव हलविताना कोणाला कोणती जागा मिळाली, कोणाला विचारले आणि कोणाला विचारले नाही, यावरून पिढ्यानपिढ्या टिकणारी कटुता किंवा समाधान निर्माण होते. १९६७ च्या अंतराळ करारानुसार चंद्र वा अन्य खगोलांवर कोणताही देश मालकी सांगू शकत नाही. भारत या कराराचा सदस्य आहे. तथापि तेथील खनिजे कोणी काढावी, वस्तीत कायदा कोणाचा चालावा, याची पुरेशी उत्तरे त्या करारात नाहीत. काही धनाढ्य माणसे किंवा काही बलाढ्य राष्ट्रे यांनीच दुसरे गावठाण आपल्यापुरते आखले, तर त्याला मानवजातीचे रक्षण म्हणता येणार नाही. शिवाय तेथे जन्मणाऱ्या मुलाने त्या बंदिस्त जीवनाला संमती दिलेली नसेल. त्याच्या आरोग्याची खात्री होण्यापूर्वी त्याला तेथे जन्माला घालणे नीतीला धरून होणार नाही.

कर्तव्यांचा क्रम

या साऱ्या विवेचनातून मानवजातीपुढील कर्तव्यांचा क्रम लागतो. पहिले कर्तव्य पृथ्वीच्या रक्षणाचे : लघुग्रहांची पूर्ण नोंद, त्यांना वळविण्याची सिद्धता, युद्ध टाळणारे करार, नद्या, अरण्ये व हवामान यांची जपणूक. दुसरे कर्तव्य ज्ञानाचे : चंद्रावर लहान संशोधन-तळ, बंद परिसरात हवा, पाणी व अन्न यांचे चक्र चालविण्याचे दीर्घ प्रयोग, अल्प गुरुत्वाकर्षणाचा सजीवांवरील परिणाम. तिसरे कर्तव्य वस्तीचे : ती स्वतःच्या पायांवर उभी राहू शकेल अशी खात्री झाल्यावर आणि सर्व राष्ट्रांना मान्य असलेल्या नियमांनुसार. अतिदूरच्या भविष्यात सूर्यच पृथ्वी तापवू लागेल, तेव्हा मानवाच्या वंशजांना दुसरे घर लागेलच. त्या घराचा पाया घालण्यास हातात भरपूर काळ आहे, पण तो काळ वापरता येण्यासाठी आधी पुढची काही शतके सुखरूप पार पडली पाहिजेत.

म्हणून अंतराळात वस्ती करावी काय, या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. परंतु ते घाईचे 'होय' नव्हे आणि पृथ्वीला पर्याय म्हणून दिलेलेही नव्हे. दुसरे गावठाण वसविण्याचे बळ पहिल्या गावातील शेते, शाळा, कारखाने आणि प्रयोगशाळा यांतूनच यावयाचे असते. गावोगावच्या शाळांतून जी मुले आज रात्रीच्या आकाशाकडे पाहून प्रश्न विचारतात, त्यांना दुर्बीण, ग्रंथ आणि उत्तम शिक्षक मिळाले, तर लघुग्रह वळविणारे गणितही ती मांडतील आणि चंद्रावर मूगही उगवतील.